चाल आठवते, नाव नाही

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल बघा. कव्हर निघालेलं, पहिल्या दोन पानांवर किराण्याचा हिशोब, मग मधेच एक गाणं आणि गाण्याच्या खाली परत दूधवाल्याचे आकडे. ती वही आपण कधी उघडत नाही. सणाच्या साफसफाईत ती रद्दीच्या गठ्ठ्यात जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मी अशा तीन वह्या पाहिल्या, त्याही आमच्याच मंद्रूपमध्ये. सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. इथे गिऱ्हाईक भाव विचारतं मराठीत आणि दुकानदार घासाघीस करतो कन्नडमध्ये. एकादशीला भजन, श्रावणात पोथी, हे ऐकतच मी मोठी झाले. पण आपल्याच गावात येशूची भजनं रचणारे एक काका राहतात, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. कॉलेजातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा कळलं. काका म्हणजे तिचे आजोबा.

काकांनी आधीच अट घातली. "माझं नाव पेपरात टाकायचं नाही. बोलतो मी, पण नाव नको." म्हणून या लेखात ते फक्त काका आहेत. सत्तरी ओलांडलेले, सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढून गावी परतलेले. शिक्षण सातवीपर्यंत. गाणं कुणाकडे शिकले नाहीत. पेटीसुद्धा ऐकून ऐकून बसवलेली.

खडी फोडताना सुचलेलं पहिलं गाणं

१९७२ चा दुष्काळ तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. आमच्या सोलापूर जिल्ह्याने तो फार सोसला. काका तेव्हा अठरा वर्षांचे होते. घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर जायची. रस्त्यासाठी खडी फोडायची आणि संध्याकाळी मिलो आणि सुकडीवर भागवायचं.

"हातोडा पडायचा ना, त्याला एक ठेका असतो," काका सांगतात. "शेजारी आई बसायची. ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, पण देव आमचा. म्हणजे चाल जात्याची आणि नाव येशूचं. तिला लिहायला येत नव्हतं. मला वाटलं, हे कुठेतरी लिहून ठेवावं. मग तिचं लिहिता लिहिता माझंच एक झालं."

ते पहिलं गाणं पावसासाठी होतं. रविवारी उपासनेत त्यांनी ते घाबरत घाबरत म्हटलं. पुढच्या रविवारी लोकांनीच पुन्हा म्हणायला सांगितलं. तेव्हापासून काका लिहितायत. नाताळची, पेरणीची, बारशाची, मातीला गेल्यावर म्हणायची, अशी सगळ्या प्रकारची गाणी आहेत. पैसा एक मिळाला नाही आणि तो मिळावा असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, हा एखादा हौशी म्हातारा असेल, त्यात काय एवढं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मग मी वाचायला लागले आणि कळलं की काका ज्या रांगेत उभे आहेत ती चारशे वर्षं जुनी आहे.

ओवी, अभंग आणि चर्च

या रांगेत अगदी पुढे एक इंग्रज आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी आणि लिपी मात्र रोमन. कल्पना करा, शिवाजी महाराजांच्या जन्माआधी हे पुस्तक छापून झालं होतं! नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणासारखं ऐकायला, म्हणायला काहीतरी हवं होतं. स्टीफन्सनी ते परक्या घाटात न देता ओवीत दिलं.

पुढचा मोठा मुक्काम म्हणजे अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे होतं, तसंच आपल्या सोलापुरातही होतं. मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं केली. पण खेड्यातल्या माणसाला परकी चाल तोंडात बसेना. मग तिथल्याच माणसांनी कीर्तन घेतलं, टाळ-पेटी घेतली आणि आपली पदं रचली. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. त्यांचं एक समर्पणाचं पद पुढे इंग्रजीत गेलं आणि परदेशातल्या गीतपुस्तकांत छापलं गेलं. म्हणजे उलटा प्रवास झाला. तिकडून इकडे येणाऱ्या गीतांच्या वाटेने आपलं एक गीत तिकडे गेलं.

मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत त्यांच्या निसर्गकविता आपण वाचतो, पण हा माणूस ख्रिस्ती भजनांचा कवी होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्म आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा. त्यांनी शंभराहून जास्त भक्तिगीतं लिहिली. मराठी चर्चमध्ये आजही ती म्हटली जातात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. त्यांची गीतं ऐकली की ते पटतं. वारकऱ्यांच्या अभंगाचा सांगाडा तोच आहे, आतला देव वेगळा. त्यांचंही एक गीत निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेलं.

लक्ष्मीबाईंची गोष्ट आधी वाचा

पण खरं सांगू? मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटल्या. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. शाळा नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. नवरा न सांगता ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांचं जग कोसळलं. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिलंय आणि ते इतकं मोकळं, इतकं हसवत लिहिलंय की वाचताना नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक वाटतच नाही.

या बाई कविता करायच्या, कीर्तनं करायच्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य सुरू केलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. काम अर्धवटसुद्धा म्हणता येणार नाही इतकंच झालेलं. ते पुढे कुणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. पुढचे ६४ अध्याय त्यांनी लिहिले. जिला अक्षरं उशिरा भेटली, तिने महाकाव्य पूर्ण केलं. आपल्याला 'मला नाही जमणार' म्हणायची फार सवय आहे ना, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "लक्ष्मीबाईंचं वाचलंय मी. आमच्या आईला कुणी अक्षर शिकवलं असतं तर तिनेही लिहिलं असतं." एवढं बोलून ते बराच वेळ वही चाळत बसले.

आधी चाल की आधी शब्द?

आता जरा कारागिरीकडे येऊ, कारण मला सगळ्यात मजा इथे आली.

इंग्रजी गीतपुस्तकांत गीतासोबत आकडे असतात. उदाहरणार्थ ८-६-८-६. म्हणजे पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, असं. याचा फायदा काय? त्याच मापाचं कुठलंही गीत त्याच मापाच्या कुठल्याही ट्यूनवर म्हणता येतं. 'अमेझिंग ग्रेस' तुम्ही ऐकलं असेल. जॉन न्यूटनचे शब्द पहिल्यांदा लोकांपुढे आले १७७३ मध्ये. आज आपण जी चाल ऐकतो ती त्या शब्दांना जोडली गेली १८३५ मध्ये. मधली बासष्ट वर्षं लोक वेगवेगळ्या चालींवर म्हणत होते.

आपल्याकडेही मापं आहेतच. मोठ्या अभंगाची ओळ सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरांत चालते. साकी, दिंडी, आर्या ही सगळी मापं मराठी ख्रिस्ती कवींनी वापरली. छापील गीताच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या ओळखीच्या गाण्याचा इशारा दिला की झालं. नोटेशन वाचता येत नसलं तरी गाव गाऊ शकतं.

पण इंग्रजी ट्यूनवर मराठी शब्द बसवताना गंमत होते. काकांनी ते पेटीवर करून दाखवलं. "हे बघ, इथे सूर लांब आहे. आता तिथे 'प्रभु' आला तर 'प्र' ताणावा लागतो. मग ऐकू काय येतंय? प्राऽऽभु! अक्षरं मोजून बरोबर आहेत, पण कानाला चुकीचं आहे. तिथे दीर्घ अक्षरच पाहिजे. 'येशू' ठेवलं की बसलं." दहा मिनिटांत मला जे कळलं ते वर्गात वृत्तं शिकताना कधीच कळलं नव्हतं.

त्यांची स्वतःची पद्धत ठरलेली आहे. आधी चाल येते. ती कुठूनही येते. यंत्रमागाच्या खटखटाटातून आलीय, लग्नाच्या बँडवरून आलीय, कन्नड भजनावरून तर कितीतरी आल्यात. "चाल दोन दिवस डोक्यात फिरू द्यायची. तिसऱ्या दिवशीही आठवली तर ती चांगली. नाही आठवली तर सोडून द्यायची." मग शब्द. मग घरात म्हणून बघायचं. बायको म्हणायला लागली की गाणं पास. "ती अडखळली तर शब्द जड झालाय समजायचं. आता ती नाही, तर नातीवर चालवतोय."

रील आणि 'पारंपरिक'

आता मूळ गोष्टीकडे येते. मैत्रिणीने मला या वह्यांकडे का नेलं?

मागच्या नाताळात तिच्या मोबाईलवर एक रील आलं. दुसऱ्या जिल्ह्यातली पोरं गिटार, कीबोर्ड घेऊन छान गात होती. गाणं काकांचं, पावसाचं, ७२ सालचं. एक कडवं बदललेलं आणि खाली लिहिलेलं, 'पारंपरिक ख्रिस्ती भजन'.

ती उड्या मारत आजोबांकडे गेली. त्यांनी दोनदा ऐकलं. म्हणाले, "ताल थोडा पळायलाय. पण पोरं मनापासून म्हणतायत." झालं. विषय संपला. तिचा मात्र संपला नाही. तिचं म्हणणं, त्या पोरांना मेसेज करायचा, नाव टाकायला लावायचं. काकांचं म्हणणं, "गाणं देवाला दिलं. दिलेल्या वस्तूवर कुणी नाव टाकतं का?"

ती म्हणाली, "देवळाच्या पायरीवर लोक टाकतात की नाव!"

काका हसले, पण ऐकले नाहीत.

मी दोघांच्या मध्ये बसलेली. सुरुवातीला मी सरळ मैत्रिणीच्या बाजूने होते. कायदाही तिच्या बाजूने आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार गाणं कागदावर उतरलं की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. तो लिहिणाऱ्याच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. आणि कलम ५७ तर असं सांगतं की हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' म्हणायचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. टिळक, सांगळे यांच्या गीतांचे हक्क केव्हाच मुक्त झालेत. काकांची गाणी मुक्त नाहीत. ती फक्त बेनावी आहेत.

पण मग काकांसारखे जगात किती होते ते वाचलं. 'सायलेंट नाइट' हे गाणं १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा म्हटलं गेलं. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराची. गाणं जगभर गेलं आणि लोकांनी मोठमोठ्या संगीतकारांची नावं त्याला लावली. मास्तराने एवढं चांगलं कसं केलं असेल, असंच वाटलं असणार! अखेर १९९५ मध्ये मोरच्या हाताने लिहिलेला एक कागद पुढे आला. त्यावर चाल ग्रुबरची असल्याची नोंद होती. पावणेदोनशे वर्षांनी उरलासुरला वाद मिटला तो एका कागदामुळे.

दुसरं उदाहरण जोसेफ स्क्रिव्हनचं. आयर्लंड सोडून कॅनडात गेलेला हा साधा माणूस. दूर राहिलेल्या आईला धीर द्यावा म्हणून १८५५ च्या सुमारास त्याने एक कविता लिहिली. छापली गेली तेव्हा तिच्यावर नाव नव्हतं. आज ती जगातल्या सगळ्यात जास्त म्हटल्या जाणाऱ्या ख्रिस्ती गीतांपैकी एक आहे. आणि अमेरिकेतली फॅनी क्रॉसबी, लहानपणीच दृष्टी गेलेली. तिने आठ हजारांहून जास्त गीतं लिहिली. एकाच बाईची इतकी गीतं पुस्तकात दिसायला नकोत म्हणून तिची बरीच गीतं टोपणनावांनी छापली गेली.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. मला वाटलं, आता तरी मानतील. ते म्हणाले, "म्हणजे नाव नव्हतं तरी गाणी टिकली की! मग काय बिघडलं?"

मला उत्तर सुचलं नाही.

जी चाल परत आली नाही

उत्तर सुचलं ते थोड्या वेळाने आणि तेही माझ्यामुळे नाही.

आम्ही ठरवलं की नावाचं राहू दे, निदान गाणी रेकॉर्ड करू. मोबाईल उशीवर ठेवला, काकांनी पेटी घेतली. पहिली वही व्यवस्थित झाली. खोकला आला की थांबायचं, पाणी प्यायचं, परत सुरू. दुसऱ्या वहीत एक पाळणा होता. नातीच्या बारशाला लिहिलेला, म्हणजे माझ्या मैत्रिणीसाठीच. डोक्यावर 'चाल' म्हणून काहीच लिहिलेलं नव्हतं. घरचं गाणं, चाल कशाला लिहायची!

काकांनी सूर धरला. थांबले. दुसरी पट्टी घेतली. पहिली ओळ म्हटली आणि मान हलवली, "ही नाही." डोळे मिटून बसले. परत पहिली ओळ, वेगळ्या चालीत. "ही पण नाही गं."

पंधरा-वीस मिनिटं झाली. आजी असत्या तर त्यांना आठवली असती. मैत्रीण तेव्हा बारा दिवसांची. गावात ती चाल माहीत असलेलं आणखी कुणी नाही. शब्द समोर, सुवाच्य अक्षरात, चारही कडवी. आणि गाणं मात्र नाही.

"राहू दे आजोबा," ती म्हणाली. पण आवाज बदलला होता. काकांनी वही मिटली आणि पेटीचा भाता लावला.

मला तेव्हा कळलं की नावाचा वाद आणि हा वाद वेगळा आहे. पावसाचं गाणं टिकलं, कारण ते पन्नास तोंडांतून पुढे गेलं. जी गाणी घरापुरती होती, एका गल्लीपुरती होती, त्यांना दुसरं तोंडच नव्हतं. 'नाव नव्हतं तरी टिकली' असं आपण टिकलेल्या गाण्यांबद्दलच म्हणू शकतो. जी गेली ती मोजणार कोण?

जाताना काकांनी मला थांबवलं. तिसरी वही उघडली आणि प्रत्येक गाण्याच्या वर पेन्सिलीने लिहायला लागले. अमुक गाण्याची चाल, तमुक भजनावर, ठेका केरवा. मी विचारलं, "आणि खाली नाव?" म्हणाले, "नाव तिला टाकायचंय तर तिने टाकावं, मी गेल्यावर. चाल मात्र मी लिहितो. ती तिला येणार नाही."

मैत्रिणीने त्या पोरांना मेसेज केलाय. भांडणाचा नाही. फक्त एवढंच कळवलं की हे गाणं ७२ च्या दुष्काळात मंद्रूपच्या एका माणसाने केलं आणि मूळ कडवं असं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

आता तुमची पाळी

गाणी ख्रिस्तीच असायला हवीत असं काही नाही. आजीचे भोंडल्याचे शब्द, आजोबांची भजनं, मावशीचे उखाणे, सगळ्याला हेच लागू आहे. या रविवारी तासभर काढा आणि हे करा:

- घरातल्या जुन्या वह्या रद्दीत देण्याआधी एकदा मागची पानंही बघा. गाणी बहुतेक मागूनच लिहिलेली असतात.
- पानाचा फोटो काढा आणि त्याच वेळी ज्यांना येतं त्यांच्याकडून ते म्हणवून घ्या. नुसता फोटो पुरत नाही, चाल कागदावर दिसत नाही.
- रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलून ठेवा: कुणी केलं, कधी, कशासाठी, चाल कुठून घेतली. फाइलचं नाव बदललं तरी आवाजातली माहिती राहते.
- एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका. घरातल्या दोघा-तिघांना पाठवा.
- दुसऱ्याचं गाणं रीलवर टाकताना 'पारंपरिक' लिहिण्याआधी एकदा विचारा. कदाचित तो माणूस अजून जिवंत असेल, तुमच्याच तालुक्यात असेल.

आणि गाणं म्हणताना कुणी अडखळलं, चाल आठवेना, तर घाई करू नका. पट्टी बदलून बघायला सांगा. मी तर पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. पाळण्याची चाल अजून शोधायची राहिलीय. काका म्हणालेत, पहाटे उठल्यावर कधी कधी येते.